सूज उतरेपर्यंत

३ फेब्रुवारी

मुंगे,

पाकीट बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण आमचं घर तुला माहीत आहे. दोन खोल्या आणि मधे पडदा. मी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी तुझा दादा आतून विचारतो, "कोण गं?" म्हणून कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, एका उसवलेल्या सोफ्याच्या पाठीवर कागद ठेवून. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

ऑक्टोबरात ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं तुला कळवलं होतं. तो हर्निया नव्हता. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती. आतड्याचा तेवढा तुकडा काढून टाकला. मग यकृतावरही डाग दिसले. तेव्हापासून केमो चालू आहे. "मुंगीला सांगायचं नाही, ती दिवसभर तेच बघते, घरी तरी तिला सुखाने राहू दे," असं ह्यांनी बजावलं आणि मी गप्प राहिले.

डॉक्टर म्हणतात, ह्यांचा तो जुना कोलायटिस, त्यातूनच हे झालं. आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं राहिलं की कधीतरी बिघडतं. आपण तर तो आजार हसण्यावारी नेला होता. ह्यांच्या बसच्या रस्त्यावर कुठल्या स्टॉपपाशी कुठला संडास उघडा असतो हे ह्यांना तोंडपाठ, आणि त्यावरून डेपोत चेष्टा चालायची. हेही हसायचे.

आता मुद्द्याचं. केमोबरोबर एक नवीन औषध देऊन बघतायत. ट्रायल आहे म्हणे. शरीरात सूज पेटती ठेवणारा एक रेणू असतो, तो ह्या औषधाने अडवायचा. डॉक्टरांनी नाव घेतलं, इंटरल्यूकिन सिक्स, आणि हे खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, "हे माझ्या बहिणीचं आहे."

डॉक्टरांना काही कळेना. "म्हणजे?"

"ती ह्याच्यावरच काम करते. आमच्याकडे जेवायला आली की दुसरा विषय नाही."

घरी येताना मला म्हणाले, "बघ, घरचंच औषध निघालं." कितीतरी दिवसांनी ह्यांच्या तोंडावर हसू बघितलं.

तर तू सांग, घ्यावं का? मला काही कळत नाही. कळायची ताकदही उरलेली नाही. सकाळी कारखाना, दुपारी दवाखाना, आणि घरी आलं की ह्यांच्यासमोर छान चेहरा.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र घेऊन मी जिन्यातच बसले. चार महिने दर रविवारी तो माझ्याशी फोनवर बोलतोय, पावसाचं, दिव्यांच्या बिलाचं, डेपोच्या नव्या मॅनेजरचं. आणि मी त्याला दर रविवारी माझे प्रयोगशाळेतले उंदीर कसे आहेत ते सांगतेय. रागावू कुणावर? तुझ्यावर नाही, एवढं नक्की.

विचारलंस ते सांगते. अंगाला कुठे जखम झाली की तिथल्या पेशी आजूबाजूला हाक देतात. ही हाक म्हणजेच असले रेणू. त्या हाकेने मदत येते, सूज येते, जखम भरते आणि मग हाक थांबते. दादाच्या आतड्यात ती थांबलीच नाही. सतत चालू राहिली की पेशी वाढतच राहतात, आणि गाठ एकदा झाली की ती त्याच हाकेवर पोसते. केमोने मरायला हवी ती पेशीसुद्धा तग धरते. म्हणून ती हाक बंद करून बघायची, असा ह्या औषधामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. मी त्यावर इतकी वर्षं घालवली आहेत, वाईट कसा म्हणू.

पण हे माझं औषध नाही. दादाला तसं वाटू देऊ नकोस. मी फक्त उंदरांत मोजते की कुठे किती हाक चाललीय, आणि ती बंद केली की काय होतं. सगळ्यांत एकसारखं होत नाही. "घ्या" असं मी सांगू शकत नाही, "घेऊ नका" असंही नाही. ते त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

त्याचं पोट सध्या कसं आहे? जुना त्रास शांत आहे ना? हे नक्की कळव.

मी येऊ का? इथून रेल्वेने एक अख्खा दिवस लागतो आणि सरांकडे रजा मागणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं आहे, पण मागेन.

मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एखाद्या औषधाच्या डबीतला कागद असतो ना, घडीघडीचा, तसं वाटलं. सगळं खरं, सगळं बरोबर, आणि शेवटी आपल्या डॉक्टरांना विचारा. अगं, डॉक्टरांना मी विचारतेच आहे. तुला विचारलं ते तू ह्यांची बहीण म्हणून.

असो. रागाने लिहिलं, खोडत नाही.

येऊ नकोस. तू आलीस की मी सांगितलं हे ह्यांना कळेल, आणि ह्या घरात आता आणखी एक भांडण मला झेपणार नाही.

ट्रायलसाठी ह्यांनी सही केली. तुला विचारायचा प्रश्नच नाही, म्हणतात, आपल्या मुंगीने काही उगाच आयुष्य त्यात घातलं नाही. वॉर्डात सगळ्यांना सांगून झालंय. शेजारच्या खुर्चीवर एक न्हावी असतो, ह्यांच्यासारखाच आजार, त्यालाही ट्रायलमध्ये घ्यायचं चाललंय. त्याला तर हे अगदी समजावून सांगतात, जसं काही स्वतःच प्रयोगशाळेतून आलेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायचं आहे.

पोटाचं विचारलंस. बरं आहे. मधूनमधून रक्त पडतं, पण ते जुनंच आहे, नवीन काही नाही. ट्रायलच्या बाईंनी प्रश्न विचारले तेव्हा "जुना त्रास पूर्ण शांत आहे" असं ह्यांनी सांगितलं. नाहीतर घेत नाहीत म्हणे. मला डोळ्यांनी खूण केली. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांचं दुखणं, त्याचं आता काय एवढं.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

हे कुरिअरने पाठवतेय. काल कारखान्यात दोनदा फोन केला, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. घरी केला तर दादाने उचलला, "उत्तम आहे, तू जेवलीस का?" म्हणाला आणि ठेवून दिला. दवाखान्यातही केला. पेशंटबद्दल फोनवर बोलत नाही, एवढंच उत्तर मिळालं, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता कागदासारखं लिहीत नाही. दादाचं रक्त डॉक्टरांना सांग. औषध सुरू व्हायच्या आधी सांग.

तोच रेणू जो गाठीला पोसतो, तोच आतड्याच्या आतल्या अस्तराला सांगतो की जखम भर. हाक एकच आहे, ऐकणारे दोन आहेत. गेल्या वर्षी आम्ही ज्या उंदरांची आतडी आधीच सोललेली होती त्यांनाही हे औषध दिलं. त्यांच्या गाठी खरंच बारीक झाल्या. आम्ही खूश होतो. मग एकेक करून उंदीर कोपऱ्यात आकसून बसायला लागले. उघडून बघितलं तर आतडं फाटलेलं. ते बघताना माझ्या डोळ्यांसमोर दादा आला होता, आणि मी स्वतःलाच म्हटलं होतं, त्याचं तर आता शांत आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. दादाला काहीच होणार नाही, असंही होईल. पण रक्त पडतंय म्हणजे आत जखमा उघड्या आहेत, आणि ते विचारतात ते उगाच विचारत नाहीत.

हे कळल्यावर त्याला ट्रायलमधून काढतील हे मला माहीत आहे. तू काय हिरावून घेणार आहेस हे मला माहीत नाही असं समजू नकोस.

मुंगी


१४ मार्च

मुंगे,

सांगितलं.

औषध सुरू करायच्या दिवशीच सांगितलं, त्याआधी धीरच झाला नाही. ह्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काही नवीन त्रास?" हे म्हणाले, "काही नाही." मी म्हटलं, "ह्यांना रक्त पडतंय."

"मूळव्याध आहे," हे म्हणाले.

"मूळव्याध नाही, डॉक्टर. जुनंच आहे. पुष्कळ दिवस झाले."

"तुला काय माहीत?"

"कपडे मी धुते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर नर्स हातात ती बाटली घेऊन उभी होती, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासलं. आत जागोजागी व्रण. डॉक्टर म्हणाले, हे औषध गेलं असतं तर आतडं फाटायची भीती होती. फाटलंच असतं असं नाही, पण भीती होती. ट्रायलमध्ये आता घेता येणार नाही. केमोही थोडे दिवस बंद, आधी ती सूज उतरू दे.

येताना टॅक्सीत हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चहा हवा का विचारलं तर भिंतीकडे बघून मान हलवतात. औषधं वेळेवर घेतात, ताट स्वतः उचलून ठेवतात, एखाद्या पाहुण्यासारखे.

ह्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. न्हाव्याचं औषध सुरू झालं.

तू बरोबर होतीस. ते मला कळतं. पण तू तिकडे बसून बरोबर आहेस, आणि मी इकडे ह्या दोन खोल्यांत बरोबर आहे. ह्यात फरक आहे. थोडे दिवस मला लिहू नकोस.

वहिनी


२९ एप्रिल

वहिनी,

लिहू नकोस म्हणाली होतीस. हे एकच लिहिते, उत्तर नको.

दादाला मी वेगळं पत्र पाठवलंय, तुला न विचारता, घरच्या पत्त्यावर. त्यात लिहिलंय की मला सगळं माहीत आहे, तू मला कळवलंस, आणि डॉक्टरांना सांग म्हणून तुझ्या मागे मी लागले. रागावायचं तर माझ्यावर रागाव, असं लिहिलंय. तुझी बाजू घ्यायला मी तिथे नाही, तेव्हा हे तरी.

इथे नवीन उंदीर आलेत. मी पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावते, तपासणीच्या प्लेटा भरते, आकडे लिहिते. पूर्वी एखादा आकडा खाली आला की सगळ्या खोलीला सांगत सुटायचे. आता आकडा बघते आणि पुढचा लिहिते.

मुंगी


१७ जून

चि. मुंगीस,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही. डेपोत गाडी बिघडली की रिपोर्ट लिहायचो, त्याच थाटाचं होईल.

तुझं पत्र एप्रिलमध्येच मिळालं. उशिराबद्दल कारण काही नाही.

प्रकृती अशी. व्रण भरलेत. केमो पुन्हा चालू, पण कमी जोराचा. डाग होते तेवढेच आहेत, वाढले नाहीत, घटले नाहीत. वजन उतरलंय. डेपोने टाइमकीपरच्या केबिनमध्ये बसायला सांगितलं, दोन दिवस बसलो, मग बसवेना. आता घरीच असतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक न्हावी असतो. त्याला तुझं औषध मिळतं. त्याचे डाग निम्म्याने कमी झाले. भूक लागते म्हणतो. मला त्याच्यावर रागावायचं होतं, पण माणूस चांगला निघाला. मला म्हणतो, "केस परत येऊ देत तुमचे, पहिला हात मीच लावणार."

तुझ्या वहिनीशी मी बोलत नव्हतो ते तिने तुला लिहिलं असेलच. तिला वाटलं राग. राग पहिले दोन दिवस होता. मग दुर्बिणीचे फोटो बघितले आणि उतरला. पण तोंड उघडलं असतं तर "तू बरं केलंस" असं म्हणावं लागलं असतं. आणि तसं म्हटलं की ते औषध आपल्या नशिबात नव्हतं हे कायमचं मान्य केल्यासारखं झालं असतं. ते मला जमेना. तुझ्या वहिनीला तिच्याच घरात इतके दिवस एकटं ठेवलं.

गेल्या आठवड्यात केमो चालू होता तेव्हा ती बाकावर बसल्याबसल्या झोपली. कारखान्यातून तशीच आली होती, बोटात शिवायचं अंगुस्तान तसंच. नर्स म्हणाली, "त्यांना उठवू का? घरी जाऊन झोपतील." मी म्हटलं, "नको, ती नाही जायची." खूप वेळ बघत बसलो. मग तिची मान एका बाजूला लटकायला लागली, तेव्हा मीच हाक मारली. म्हटलं, "नीट बस, मान अवघडेल."

ती उठली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काय म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. मग दोघंही काही बोललो नाही, पण ते निराळं होतं.

आता तुला एक विचारतो, खरं सांग. मला ते मिळालं असतं तर?

तुझा दादा


२ जुलै

दादा,

माहीत नाही.

हे सोडून दुसरं काही लिहिता येतं का ते आठवडाभर बघत होते. उंदरांचं सोपं असतं. एका पिंजऱ्याला औषध देते, शेजारच्याला देत नाही, आणि दोन्हीकडे बघते. तुझ्या शेजारी तसा पिंजरा नाही. दुसरा दादा नाही, ज्याला ते मिळालं आणि त्याचं काय झालं ते मी बघू शकेन. कदाचित न्हाव्यासारखं झालं असतं. कदाचित तू एप्रिलही बघितला नसतास. जो कुणी तुला खात्रीने सांगेल, माझ्यासकट, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू मला कुठलं काम करतेस असं नेहमी विचारायचास आणि मी खूप वेळ सांगत बसायचे. ते एवढंच आहे, दादा. कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, हे अजून नीट कळत नाही. ते कळावं म्हणून इतकी माणसं इतक्या खोल्यांत बसलीत.

सरांना रजा विचारली नाही, सांगितली. बारा तारखेला पोचते. स्टेशनवर कुणी यायचं नाही.

मुंगी


६ मार्च

मुंगे,

तू परत गेल्याला तीन आठवडे झाले असतील. लिहायचं रोज ठरवते. ह्यांच्या शेवटच्या दिवसांत तू इथेच होतीस, तेव्हा त्यांचं तुला काय लिहू. जुलैत आलीस तेव्हा हे जिना उतरून खाली आले होते, आणि जानेवारीत आलीस तेव्हा ह्यांना कुशीवर वळवायला आपण दोघी लागलो. तुझ्या हातात ताकद आहे हे तेव्हाच कळलं.

दवाखान्यातून फोन आला होता. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा त्यांनी गोठवून ठेवलाय, तो संशोधनाला वापरायला ह्यांनी तेव्हाच हो म्हटलं होतं. आता आणखी काही तपासायचं आहे, म्हणून घरच्यांची सही हवी होती. जाऊन केली. तिथल्या मुलीला विचारलं, माझ्या नणंदेच्या प्रयोगशाळेत पाठवता येईल का? ती म्हणाली, कुठे जाईल ते आम्ही ठरवत नाही. ठीक आहे म्हटलं. कुठेही जाऊ दे, कुणीतरी नीट बघा म्हणजे झालं.

न्हावी भेटला. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने येत होता, अंगाने भरलाय. अजून ते औषध चालू आहे. मला बघून थांबला. मी थांबले नाही. दुकानाच्या काचेत काहीतरी बघत असल्यासारखं केलं आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिले. शेवटच्या आठवड्यात घरी येऊन त्याने ह्यांची दाढी केली होती, किती हलक्या हाताने, तू बघितलंसच. त्याच्या तब्येतीचा मला आनंद आहे, खरंच आहे. पण अजून समोर उभं राहवत नाही. पुढच्या वेळी बोलेन.

कारखान्यात परत जायला लागले. पहिल्या दिवशी हात चालेना, खिळे वाकडे जायचे. आता चालतो. घरी मात्र अजून दोन कप काढते आणि एक परत ठेवते. मधला पडदा काढून टाकला. आता कुणापासून काय लपवायचं?

परवा तुझं पाकीट आलं. शेजारी काम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणाचं?" तोंडात आलं होतं, बहिणीचं. तू आता फक्त ह्यांच्यामुळे माझी कुणी लागत नाहीस, तू माझीच झालीस, म्हणून बहीण म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं.

पण मी "नणंदेचं" म्हटलं. त्या शब्दात हे अजून आहेत.

तुझी
वहिनी